शत्रूच्या लेकरांसाठी

बोअर युद्ध म्हटलं की आपल्याला आठवते ती गांधीजींची शुश्रूषा तुकडी. दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि बोअर यांची जुंपली तेव्हा गांधीजींनी सुमारे अकराशे हिंदी माणसं जमवली आणि जखमी इंग्रज सैनिकांना रणांगणातून उचलून नेण्याचं काम केलं, एवढं बहुतेकींना ठाऊक असतं. धडा तिथे संपतो. त्या युद्धात बोअरांच्या बायकामुलांचं पुढे काय झालं, ते धड्यात नसतं. ते जगापुढे आणणाऱ्या इंग्रज बाईचं नावही नसतं. एमिली हॉबहाऊस हे तिचं नाव. आज मला तिच्याविषयीच सांगायचं आहे.

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा परगणा आहे. तिथल्या सेंट ईव्ह या खेड्यात ९ एप्रिल १८६० रोजी एमिली जन्मली. वडील चर्चचे धर्मगुरू, शिस्तीचे कडक. भाऊ लिओनार्ड ऑक्सफर्डला शिकला आणि पुढे मोठा समाजशास्त्रज्ञ झाला. एमिलीच्या वाट्याला घरची शिकवणी आणि थोडे दिवसांची शाळा. विशीत असताना आई गेली. मग घर, आजारी वडील आणि गावातल्या गरिबांची विचारपूस हेच तिचं जग. एक नाही, दोन नाही, जवळजवळ पंधरा वर्षं. १८९५ मध्ये वडील वारले तेव्हा ती पस्तिशीला टेकली होती. अशा मुली आपण आपल्या नात्यागोत्यातही पाहिल्या आहेत. आईवडिलांचं करता करता त्यांचं वय निघून जातं आणि मग लोक म्हणतात, आता हिचं काय होणार!

एमिलीने काय केलं? सरळ अमेरिका गाठली. मिनेसोटात व्हर्जिनिया नावाचं खाणकामगारांचं गाव होतं. तिकडे कॉर्नवॉलचे खाणकामगार गेलेले. दारूच्या पायी त्यांच्या संसाराची दैना झालेली. त्यांच्यात तिने काम सुरू केलं. तिथेच एकाशी लग्न ठरलं, मेक्सिकोत जमीन घेतली, पैसे बुडाले, लग्नही मोडलं. १८९८ मध्ये ती रिकाम्या हाताने मायदेशी परतली. लंडनमध्ये काका-काकूंचा आधार होता. हे काका, लॉर्ड हॉबहाऊस, १८७२ ते १८७७ या काळात हिंदुस्थानात व्हाइसरॉयच्या मंडळात कायद्याचं खातं सांभाळून गेलेले. स्वतंत्र विचाराचे गृहस्थ. त्यांच्या घरी राजकारणाची चर्चा उघडपणे चाले आणि बायकांनी त्यात बोलू नये असा दंडक नव्हता.

१८९९ च्या ऑक्टोबरात युद्ध सुरू झालं. बोअर म्हणजे मूळचे डच शेतकरी, पिढ्यान् पिढ्या दक्षिण आफ्रिकेत राहिलेले. ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट ही त्यांची दोन छोटी राज्यं. ट्रान्सवालच्या पोटात सोनं सापडलेलं, तेव्हा इंग्रजांचं लक्ष तिकडे का गेलं ते वेगळं सांगायला नको. लंडनमध्ये देशभक्तीला उधाण आलं होतं. युद्धाला विरोध करणारा तो देशद्रोही, असा सगळा माहोल. एमिली युद्धविरोधी समितीच्या महिला शाखेची चिटणीस झाली. जून १९०० मध्ये तिने लंडनला खास बायकांची निषेध सभा भरवली. पुढच्याच महिन्यात तिच्या माहेरच्या मुलखात, लिस्कर्डला सभा ठेवली तर लोकांनी ती उधळून लावली. व्यासपीठावर लॉइड जॉर्ज होते, जे पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झाले. त्यांनाही बोलू दिलं नाही. जिथे आपण लहानाचे मोठे झालो तिथल्याच लोकांनी अंगावर धावून यावं, याचं किती वाटलं असेल तिला!

तिकडे युद्धाचं रूप बदललं होतं. समोरासमोरच्या लढाया इंग्रजांनी जिंकल्या, राजधान्या घेतल्या. पण बोअर घोडेस्वार डोंगरदऱ्यांतून गनिमी काव्याने लढत राहिले. आपल्या महाराष्ट्राला गनिमी कावा काय असतो हे सांगण्याची गरज नाही. अशा सैन्याला भाकरी मिळते ती घरातून. म्हणून इंग्रजी फौजांनी घरंच जाळायला सुरुवात केली. सुमारे तीस हजार शेतघरं जाळली गेली. उभी पिकं, गुरं, मेंढरं, कोंबड्या, काही शिल्लक ठेवलं नाही. बायकामुलांना गाड्यांत घालून माळावर तंबू ठोकले तिथे नेऊन ठेवलं. सरकारी कागदात यांना निर्वासितांच्या छावण्या म्हणायचे, जणू या बाया आपखुशीने आसऱ्याला आल्या होत्या! हे धोरण लॉर्ड रॉबर्ट्सच्या वेळी सुरू झालं आणि लॉर्ड किचनरने ते टोकाला नेलं. हाच किचनर १९०२ मध्ये आपल्याकडे सरसेनापती म्हणून आला आणि पुढे लॉर्ड कर्झनशी भांडला.

जे बोअर पुरुष पकडले गेले त्यांतल्या हजारोंना समुद्रापार धाडलं. सेंट हेलेनाला, सिलोनला, आणि हिंदुस्थानातही. आपल्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, बोअर कैद्यांची छावणी होती. नवरा नगरला कैदेत आणि बायको-मुलं आफ्रिकेच्या माळावर तंबूत, अशीही घरं असतील.

घरं जाळल्याच्या बातम्या लंडनला पोचू लागल्या तेव्हा एमिलीने बायकामुलांसाठी मदतनिधी उभारला. पण नुसते पैसे पाठवून ते कोणाच्या हाती पडणार? आपणच जावं असं तिने ठरवलं. ७ डिसेंबर १९०० ला ती बोटीत बसली आणि २७ तारखेला केपटाऊनला उतरली. वय चाळीस, तब्येत बेताची, सोबत कोणी नाही. तिथला इंग्रज हायकमिशनर मिल्नर. त्याच्या घरी जेवायला गेली तर टेबलावर सगळे पुरुष आणि ही एकटी बाई. जेवण झाल्यावर तिने त्याला बाजूला गाठलं आणि छावण्या बघायची परवानगी मिळवली. किचनरने मात्र आडकाठी घातली, ब्लूमफाँटेनच्या पुढे जायचं नाही म्हणाला. तर ब्लूमफाँटेन! कपडे, खाण्याच्या वस्तू असं मदतीचं सामान भरलेला रेल्वेचा डबा घेऊन २४ जानेवारी १९०१ ला ती तिथे पोचली.

शहरापासून दोन मैलांवर, उघड्या बोडक्या टेकडीच्या उतारावर छावणी. झाड औषधालाही नाही. जवळजवळ दोन हजार माणसं, त्यांत नऊशेच्या वर मुलं. गोल टोकदार तंबू, एकेका तंबूत दहा-बारा जणं. दिवसा आत भट्टी, आणि पाऊस आला की जमिनीवर पसरलेली पांघरुणं चिंब.

आता इथे एमिलीचं वेगळेपण मला दिसतं. तिथे साहेब लोक येऊन पाहून गेलेच असणार. त्यांनी तंबू मोजले असतील, पहारे मोजले असतील. पंधरा वर्षं घर चालवलेल्या या बाईने पहिल्यांदा विचारलं, साबण कुठे आहे? तर साबण नाही. साबण म्हणजे चैनीची वस्तू, असं अधिकाऱ्यांचं उत्तर. नऊशे लेकरं, त्यांतली कित्येक तान्ही, कित्येक आजारी, आणि बायांनी कपडे धुवायचे कशाने? मग तिने पाणी बघितलं. मॉडर नदीचं पाणी, विषमज्वराच्या जंतूंनी भरलेलं. उकळून प्या म्हणे. उकळायला सरपण कुठाय? स्वयंपाकापुरतंच जळण मिळायचं, तेही अपुरं, मग बाया माळावरची हिरवी झुडपं तोडून आणायच्या. ज्यांनी चूल फुंकली आहे त्यांना ओल्या फाटीवर हंडाभर पाणी उकळणं म्हणजे काय हे कळेल. झोपायला गाद्या नाहीत, रात्री दिवा नाही. मेणबत्ती मिळायची ती फार आजारी माणसासाठी. आणि शिध्यातही भेद. ज्या घरचा पुरुष अजून लढतोय त्या घराला सुरुवातीला कमी शिधा मिळायचा. बापाने हत्यार खाली ठेवावं म्हणून पोराच्या ताटातलं काढून घ्यायचं!

एमिलीने गाऱ्हाणं गात बसण्यापेक्षा यादी करून अधिकाऱ्यांच्या मागे लागणं पसंत केलं. साबण द्या, पाणी उकळायला मोठी भांडी द्या, झोपायला गवताच्या तरी गाद्या द्या. थोडं थोडं मिळत गेलं. माणशी आठवड्याला चिमूटभर साबण मंजूर झाला. एकदा ती एका तंबूत बसली असताना आत विषारी साप शिरला. बाकी सगळे बाहेर पळाले, ही हातातल्या छत्रीने त्याला झोडपत राहिली. शेवटी एका माणसाने येऊन तो ठार केला.

याच छावणीत लिझी व्हॅन झील नावाची सात वर्षांची मुलगी होती. हाडांवर नुसती कातडी उरलेली. एमिलीने तिला पाहिलं होतं. मे महिन्यात ती पोर गेली. तिचा फोटो पुढे प्रसिद्ध झाला तेव्हा इंग्लंडात उलटा प्रचार झाला, की आईनेच तिला उपाशी मारलं. शेरलॉक होम्सचा लेखक कॉनन डॉइल याने तर इंग्रज फौजेची बाजू घेणारं अख्खं पुस्तक १९०२ मध्ये लिहिलं आणि त्याच वर्षी तो सर झाला.

एमिली पुढे आणखी छावण्या फिरली. नॉर्व्हल्सपाँट, अलिवाल नॉर्थ, किंबर्ली, मॅफेकिंग. एप्रिलमध्ये ब्लूमफाँटेनला परत आली तर छावणी दुप्पट झालेली. साबण दोन हजारांना पुरत नव्हता, आता माणसं चार हजार. स्प्रिंगफाँटेन स्टेशनात तिने उघड्या वाघिणींत दिवस काढणारी शेकडो माणसं पाहिली. रुळांच्या कडेला एक आई बसलेली, मांडीवर मरणाला टेकलेलं मूल. बाई रडत नव्हती, काही मागत नव्हती. ते दृश्य एमिली कधी विसरली नाही. नुसतं इथे राहून कपडे वाटण्यात अर्थ नाही, इंग्लंडच्या लोकांना सांगितलं पाहिजे, असं तिच्या मनाने घेतलं आणि मे महिन्यात ती परतीच्या बोटीत चढली.

जून १९०१ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. विरोधी पक्षाचे नेते कॅम्बेल-बॅनरमन तिला भेटले. दोन तास ऐकून घेतलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाहीर भाषणात, आपलं सैन्य तिकडे रानटीपणाने लढतंय असा आरोप केला आणि देशभर वादळ उठलं. वर्तमानपत्रांनी एमिलीला काय काय म्हणून घेतलं! देशद्रोही, डोकं फिरलेली, अविवाहित राहिल्यामुळे बिघडलेली. बाईच्या म्हणण्याला उत्तर नसलं की तिच्या लग्नावर घसरायचं, ही रीत तिकडेही होती.

सरकारने चौकशीसाठी फक्त बायकांची समिती नेमली. ऐकायला बरं वाटतं. अध्यक्ष मिलिसेंट फॉसेट, बायकांच्या मताधिकारासाठी झगडणारी मोठी पुढारी, पण युद्धाची समर्थक. आणि जिने हा सगळा प्रकार उजेडात आणला त्या एमिलीला मात्र समितीत जागा नाही! तरी फॉसेटबाईंचंही मला कौतुक वाटतं. त्यांनी छावण्या नीट पाहिल्या. मुलांच्या मरणाचा काही दोष त्यांनी बोअर आयांच्या सवयींवर टाकला, हे खरं. पण पाणी, जळण, शिधा, परिचारिका याबाबत एमिलीचं म्हणणं खरं होतं हेच त्यांच्या अहवालातून निघालं.

समितीला वगळलं म्हणून एमिली थांबली नाही. ऑक्टोबरात पुन्हा निघाली. २७ ऑक्टोबर १९०१ ला बोट केपटाऊनच्या बंदरात लागली आणि हुकूम आला, या बाईला उतरू द्यायचं नाही. चार दिवस बोटीवर ठेवली. मग सैनिकांच्या दुसऱ्या बोटीत जा म्हणून सांगितलं. ती आजारी होती, आणि तिने पाऊल उचलायला साफ नकार दिला. शेवटी तिच्याच शालीत गुंडाळून तिला उचलून नेलं. गांधीजींचा सत्याग्रह अजून पाच वर्षं लांब होता.

त्याच ऑक्टोबरात छावण्यांतला मृत्यूंचा दर वर्षाला हजारी ३४४ वर गेला होता. गोवर, न्यूमोनिया, जुलाब, विषमज्वर. त्यानंतर छावण्या लष्कराकडून मुलकी खात्याकडे गेल्या आणि सुधारणा होऊ लागल्या. त्यासाठी हिंदुस्थानातून अधिकारी नेले, कारण प्लेगच्या आणि दुष्काळाच्या छावण्या चालवण्याचा अनुभव इथल्या अधिकाऱ्यांकडे होता. १८९७ च्या प्लेगात पुण्यात काय झालं हे जाणणाऱ्या मराठी माणसाला हे वाचून काय वाटेल ते मी लिहीत नाही. पण १९०२ उजाडलं तसं मरण कमी झालं, हे नोंदवायला हवं. ३१ मे १९०२ ला तह झाला तोवर बोअर छावण्यांत सुमारे अठ्ठावीस हजार माणसं मेली होती. त्यांतली बावीस हजार सोळा वर्षांखालची मुलं.

आणि काळ्या लोकांचं काय? बोअरांच्या शेतांवर राबणाऱ्या आफ्रिकन कुटुंबांनाही हुसकून वेगळ्या छावण्यांत घातलं होतं. तिथल्या चौदा हजारांवर मृत्यूंची नोंद सापडते, खरा आकडा वीस हजारांच्या वर असावा असं इतिहासकार म्हणतात. एमिलीने अहवालात या छावण्यांचा उल्लेख केला, तिथे आजार फार आहे, कोणीतरी लक्ष घाला असं सुचवलं. पण ती स्वतः तिथे गेली नाही. वेळ आणि परवाने अपुरे होते, हे कबूल. तरी ही उणीव मला बोचते. साबण कुठे आहे, हे तिथे विचारायला कोणी गेलंच नाही.

युद्ध संपल्यावर बहुतेक मदतकर्ते घरी जातात. एमिली १९०३ मध्ये परत आफ्रिकेत गेली. जळलेली शेतं, नांगराला बैल नाहीत. बैलजोड्या जमवून तिने नांगरणी सुरू करून दिली. १९०५ मध्ये फिलिपोलिस या गावी मुलींसाठी सूत कातण्याची आणि विणकामाची शाळा काढली. मेंढ्यांची लोकर मुबलक होती, आणि घरात बसलेल्या तरुण मुलींच्या हाताला काम नव्हतं. ती आधी स्वतः कातायला शिकली. अशा शाळा वाढत वाढत सत्तावीस झाल्या. गांधीजींच्या हाती साबरमतीला चरखा आला तो याच्यानंतर दहा-बारा वर्षांनी.

तिची आणि गांधीजींची गाठही पडली. ती हकिगत आपल्या बायकांच्या जिव्हाळ्याची आहे. १९१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका कोर्टाने निकाल दिला, की ख्रिस्ती पद्धतीखेरीज झालेली लग्नं कायदेशीर नाहीत. म्हणजे आपल्या धर्माप्रमाणे लग्न झालेल्या हिंदी बायका एका दिवसात लग्नाच्या बायका राहिल्या नाहीत! कस्तुरबांसह कितीतरी जणी तुरुंगात गेल्या. डिसेंबरात कस्तुरबा सुटल्या त्या अगदी खंगून. एमिली तेव्हा आफ्रिकेतच होती. ब्लूमफाँटेनला छावण्यांत मेलेल्या बायकामुलांचं स्मारक उभं राहिलं होतं आणि अनावरणाचा मान तिला दिला होता. पण हृदयाच्या दुखण्याने वाटेतच तिला थांबावं लागलं. १६ डिसेंबर १९१३ ला तिचं भाषण दुसऱ्यानेच वाचून दाखवलं. त्यात तिने बोअरांना सुनावलं होतं, की स्वतःला मिळालेलं स्वातंत्र्य दुसऱ्यांना नाकारू नका. स्मारकावर मधोमध शिल्प आहे ते स्प्रिंगफाँटेनच्या त्या आईचं, मांडीवर मूल घेतलेल्या.

गांधीजींनी तिच्याकडे मदत मागितली. जनरल स्मट्स तिचा जुना स्नेही. तिने आजारपणातून उठून त्याला पत्र लिहिलं, हिंदी लोकांचं म्हणणं समजावून सांगितलं. गांधी पती-पत्नी तिला केपटाऊनला भेटले. १९१४ मध्ये हिंदी लोकांची लग्नं मान्य झाली आणि तीन पौंडांचा जुलमी कर गेला. हे सगळं काही एमिलीमुळे झालं नाही, बायकांनी तुरुंग सोसला तेव्हा झालं. पण सरकारचं दार किलकिलं करायला तिचा हात लागला, हे गांधीजींनी मनात ठेवलं. ती गेल्यावर त्यांनी यंग इंडियात तिच्यावर लेख लिहिला.

पहिल्या महायुद्धातही तिने तेच केलं. १९१६ मध्ये ती थेट शत्रूच्या मुलखात, जर्मनीत जाऊन आली, तहाचं काही जमतं का बघायला. पुन्हा देशद्रोहाचा शिक्का. युद्धानंतर लायपझिगच्या उपाशी शाळकरी मुलांसाठी तिने जेवण सुरू केलं. त्यासाठी पैसे आले ते बरेचसे दक्षिण आफ्रिकेतून.

या धावपळीत तिच्याजवळ स्वतःचं काही उरलं नाही. हे कळल्यावर ऑरेंज फ्री स्टेटच्या माजी अध्यक्षांच्या पत्नी, टिबी स्टेन यांनी बोअर बायकांना एक गुपचूप निरोप धाडला. प्रत्येकीने अर्धा क्राऊन पाठवायचा, म्हणजे अडीच शिलिंग. त्यातून २,३०० पौंड जमले. १९२१ मध्ये कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर सेंट आइव्ह्ज या गावी एमिलीने घर घेतलं. स्वतःचं घर, आणि तेही शत्रूपक्षाच्या बायकांनी दिलेलं.

८ जून १९२६ रोजी लंडनमध्ये ती वारली. तिच्या अस्थी ऑक्टोबरात ब्लूमफाँटेनला नेल्या आणि त्याच स्मारकाच्या पायथ्याशी ठेवल्या. पुढे गोऱ्यांच्या राजवटीत तिचं भाषण पुन्हा छापताना काळ्या लोकांविषयीचा भाग गाळला गेला. १९७१ मध्ये तर दक्षिण आफ्रिकेच्या नौदलाने एका पाणबुडीला तिचं नाव दिलं. युद्धाला जन्मभर विरोध केलेल्या बाईचं नाव पाणबुडीला! १९९९ मध्ये ते बदललं. सेंट ईव्हचं तिच्या वडिलांचं घर मात्र दुरुस्त होऊन उभं आहे. २०२४ मध्ये तिथे तिच्या नावाचं संग्रहालय सुरू झालं.